टायमिंग मागे घेतलं की पियूसी मिळते. मग गाडीचं काय होतं?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझी पद्मिनी पियूसीत, म्हणजे धुराच्या चाचणीत, नापास झाली. वडिलांनी १९९४ साली घेतलेली गाडी. एमएच ०४ चा नंबर, ठाण्यात, नौपाड्यातल्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये तीस वर्षं एकाच जागी लागते. पंपावरच्या मुलाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, स्क्रीनवरचे आकडे स्थिर होईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "काका, एचसी जास्त येतंय. टायमिंग जरा मागे घेऊन आणा, होईल पास."

आकडे मी लिहून घेतले. धुरातला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सीओ, २.४ टक्के; न जळलेलं पेट्रोल, म्हणजे एचसी, १८७० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग).

जुनी गाडी सांभाळणाऱ्या बहुतेकांनी हा सल्ला कधी ना कधी ऐकलेला असतो. सल्ला खोटाही नाही. टायमिंग मागे घेतलं, म्हणजे इंजिनातली ठिणगी थोडी उशिरा पडेल असं केलं, की एचसीचा आकडा खरोखर उतरतो. मी एका गॅरेजमध्ये जाऊन तेच करून घेतलं. एचसी १२९० वर आला, पियूसी हातात पडली. आणि दहाव्या दिवशी घोडबंदर रोडने जाताना, गायमुखच्या चढावर, तापमानाचा काटा लाल रेषेला जाऊन टेकला. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास बॉनेट उघडं ठेवून उभा होतो. रेडिएटरमध्ये पाणी पुरेसं होतं, पंखा फिरत होता, बेल्ट शाबूत होता. तरी इंजिन असं तापलं होतं की बॉनेटच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता.

आकडा उतरला आणि गाडी तापली, या दोन गोष्टींचं मूळ एकच आहे. ते कळलं की टायमिंग या शब्दाभोवतीचं सगळं धुकं निवळतं.

मशीन काय मोजतं

पियूसीची चाचणी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११५ प्रमाणे होते. पेट्रोल गाडी आयडलिंगवर, म्हणजे गिअरमध्ये न घालता नुसती चालू ठेवून तपासतात आणि मुख्यतः दोन आकडे बघतात. भारत स्टेज म्हणजे गाड्यांच्या धुराच्या नियमांचे टप्पे. भारत स्टेज दोनच्या आधीच्या चारचाकीला सीओ ३ टक्क्यांपर्यंत आणि एचसी १५०० पीपीएमपर्यंत चालतो. भारत स्टेज दोन आणि तीनच्या गाड्यांना हीच मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० आहे. स्टेज चारपासून ०.३ टक्के आणि २००, शिवाय इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर नेऊन आणखी एक चाचणी होते. म्हणजे माझ्या गाडीला सगळ्यात सैल मापदंड होता आणि त्यातही ती एचसीत अडकली होती.

जुन्या गाडीचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं, त्यामुळे हा प्रसंग वर्षातून दोनदा येतो. ते नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०१७ ते २०२४ या काळात वैध पियूसी असल्याशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नये असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेशही होता. त्यामुळे "कसंही करून पास करून द्या" ही घाई समजण्यासारखी आहे.

पण दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड: पेट्रोल जळलं, पण अर्धवट जळलं. कोंदट खोलीत कोळशाची शेगडी पेटवली की जो विषारी वायू साठतो, तोच हा. पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडली की तो वाढतो. एचसी म्हणजे हायड्रोकार्बन, सरळ सांगायचं तर न जळता बाहेर आलेलं पेट्रोल. सीओ कार्ब्युरेटरचं (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं) आणि एअर फिल्टरचं प्रगतिपुस्तक आहे. एचसी मुख्यतः ठिणगीचं.

एक हिशोब करून बघा. सिलिंडरमध्ये जाणारं ताजं हवा-पेट्रोल मिश्रण जसंच्या तसं, अजिबात न जळता सायलेन्सरमधून बाहेर आलं, तर पियूसीचं मशीन साधारण वीस हजार पीपीएम एचसी दाखवेल. आता पन्नासातली फक्त एक ठिणगी हुकली असं धरा. वीस हजाराचा पन्नासावा भाग चारशे. पन्नासात एकच मिसिंग, कानाला कळणारही नाही इतकं, पण आकड्यात चारशेची भर पडली. माझी गाडी १५०० ची रेषा ३७० ने ओलांडत होती. हे गणित मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी टायमिंगच्या नादाला लागलोच नसतो, आधी ठिणगी बघितली असती.

ठिणगी आधी का पडते

टायमिंग म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. पिस्टन वर येताना मिश्रण दाबत आणतो. तो अगदी वर पोचतो त्या जागेला मिस्त्री लोक टॉप म्हणतात. आपल्याला वाटतं की पिस्टन टॉपला आल्यावर ठिणगी पडत असेल. तसं नसतं. ठिणगी त्याच्या आधी पडते, कारण मिश्रण बॉम्बसारखं एकदम फुटत नाही. प्लगपाशी ज्योत धरते आणि गवताला लागलेल्या वणव्यासारखी पसरत जाते. हे पसरणं काही मिलिसेकंदांचं काम आहे.

झोका आठवा. झोका मागे येऊन वर टेकतो, क्षणभर थांबतो आणि परत निघतो. तो निघाल्या निघाल्या धक्का दिला तर झोका लांब जातो. तो अजून मागे येत असतानाच ढकललं तर आपल्याच मनगटाला हिसका बसतो. आणि तो अर्ध्यावर उतरून गेल्यावर धक्का दिला तर हात नुसता मागे मागे पळतो, जोर लागतच नाही. इंजिनात सगळ्यात मोठा दाब पिस्टन टॉपवरून उतरायला लागल्यावर, क्रँक (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा) साधारण पंधरा अंश पुढे गेल्यावर, यावा लागतो. तो त्या क्षणी यायचा तर ठिणगी टॉपच्या आधी पडली पाहिजे. म्हणून टायमिंग 'टॉपच्या आधी इतके अंश' असं सांगतात.

अंश का, तर क्रँक फिरतो आणि फिरणं अंशातच मोजतात. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या घेत असेल तर एका मिलिसेकंदात क्रँक पाच अंशांपेक्षा थोडं कमी फिरतो. ४००० फेऱ्यांवर त्याच मिलिसेकंदात तो २४ अंश जातो. ज्योत मात्र त्या प्रमाणात वेगवान होत नाही. वेग वाढला की सिलिंडरमधली खळबळ वाढते आणि जळणं थोडं लवकर उरकतं, पण पाचपट लवकर नाही. म्हणून वेगाबरोबर ठिणगी आणखी आणखी आधी पडायला हवी.

जुन्या गाडीत हे काम डिस्ट्रिब्युटर करतो. जुने मिस्त्री त्याला अजून डेल्को म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो एका कंपनीच्या नावाची आद्याक्षरं आहेत: १९०९ साली अमेरिकेतल्या डेटन गावी सुरू झालेली डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. मोटारीच्या इग्निशनसाठी ती नावाजली गेली आणि तिचं नाव वागळे इस्टेटच्या गॅरेजांपर्यंत येऊन पोचलं. डेल्कोच्या पोटात स्प्रिंगला बांधलेली दोन छोटी वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकवतात, म्हणजे आणखी आधी पाडतात. बऱ्याच गाड्यांत बाजूला एक डबी असते, तिला कार्ब्युरेटरकडून बारीक नळी येते. हलक्या पायाने गाडी चालवताना मिश्रण विरळ असतं आणि हळू जळतं. तेव्हा इंजिनाच्या ओढीने ही डबी ठिणगी आणखी थोडी आधी पाडते.

हे सगळं आपोआप होतं. आपल्या हातात फक्त सुरुवातीचा बिंदू असतो. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी असलेला नट सैल करून त्याची बॉडी किंचित फिरवली की तो बिंदू पुढे किंवा मागे जातो. आतला रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट फिरवलं तर टायमिंग पुढे, त्याच दिशेने फिरवलं तर मागे. आणि एक गोष्ट विसरू नये: डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून बॉडी एक अंश फिरली तर टायमिंग दोन अंशांनी हलतं. मनगटाने केलेला थोडासा फरकही इथे मोठा असतो.

मागे घेतल्यावर आकडा का उतरतो

उशिरा ठिणगी पडली की जळणंही उशिरा होतं. पिस्टन खाली उतरत असतो, जागा वाढत असते, त्यामुळे दाब फार चढत नाही. पिस्टनची वरची कड आणि पहिली रिंग यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत एरवी दाबामुळे मिश्रण घुसतं आणि तिथे ज्योत पोचत नाही. दाब कमी, तर फटीत घुसणारं मिश्रणही कमी. ही झाली अर्धी गोष्ट.

उरलेली अर्धी जास्त महत्त्वाची आहे. पिस्टनला ढकलण्यात जी उष्णता खर्च व्हायची, ती पूर्ण खर्च होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा वायू नेहमीपेक्षा बराच गरम असतो. त्या गरमीत उरलंसुरलं पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये, नळीमध्येच जळून जातं. मशीनपर्यंत पोचत नाही. आकडा उतरला!

म्हणजे आपण काय केलं? जे जळण सिलिंडरमध्ये व्हायचं ते नळीत नेलं. ती उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्हला लागते, सिलिंडर हेडला लागते, तिथून पाण्यात जाते आणि रेडिएटरवर येते. आयडलिंगला दोन मिनिटं चाचणी होईपर्यंत हे कुणाला कळत नाही. माजिवड्यापासून रांगेत सरकत, पुढे चढाला दुसऱ्या गिअरवर गाडी ओढायला लागली की कळतं. मला गायमुखला कळलं.

हा मार्ग गॅरेजवाल्यांनी शोधलेला नाही. अमेरिकेत धुराचे नियम आले तेव्हा, १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७० च्या दशकात, गाड्यांच्या कंपन्यांनी कारखान्यातूनच आयडलिंगचं टायमिंग मागे ठेवलेल्या गाड्या विकल्या. पण त्यांनाही गरमीचं भान होतं. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत पाण्याचं तापमान वाढलं की टायमिंग आपोआप पुढे आणणारा स्विच बसवलेला असे. आपल्या पद्मिनीला असला काही राखणदार नाही. बॉडी फिरवून मागे घेतलेलं टायमिंग आयडलिंगला जितकं मागे, तितकंच हायवेला आणि घाटातही मागे राहतं.

जुन्या इंजिनाच्या बाबतीत आणखी एक काळजी आहे. ही इंजिनं शिसं मिसळलेल्या पेट्रोलच्या काळात आखली गेली. त्या शिशाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला एक प्रकारचा लेप मिळायचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. आपल्या फुप्फुसांसाठी आणि पोरांच्या मेंदूसाठी ते फार मोठं काम झालं, त्यात दुमत नाही. पण लेप गेला. अशा व्हॉल्व्हवर मुद्दाम जास्तीची आग सोडणं म्हणजे हेड उतरवण्याचा खर्च स्वतःहून बोलावणं आहे.

बाकीच्या खुणाही ओळखून ठेवा. टायमिंग फार मागे असेल तर पिकअप मेलेला वाटतो, अ‍ॅव्हरेज पडतं. आयडलिंग खाली येतं म्हणून गॅरेजवाला थ्रॉटलचा स्क्रू आवळून ते वर आणतो, आणि मग किल्ली बंद केल्यावरही इंजिन दोन-चार धक्के खात राहतं. माझी गाडी त्या दहा दिवसांत रोज रात्री असे धक्के खायची. मी ते म्हातारपणावर ढकलत होतो.

आणि सीओ? तो जागचा हलत नाही. माझा २.४ चा २.३ झाला होता. ज्याची गाडी सीओत नापास होते आहे त्याने टायमिंगला हात लावण्यात काहीच हशील नाही. त्याने एअर फिल्टर, अडकलेला चोक, कार्ब्युरेटरमधली फ्लोटची पातळी आणि मिश्रणाचा स्क्रू बघावा.

रविवारी सकाळी कंपाउंडमध्ये

आमच्या पलीकडच्या इमारतीत एक निवृत्त मिस्त्रीकाका राहतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे, आयुष्य फियाट आणि अँबॅसिडर उघडण्यात गेलं. त्यांना सगळं सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पॉइंट कधी बघितलास?"

मला आठवत नव्हतं.

"मग टायमिंग कशाला बघतोस?"

गाडी स्टिल्टमधून बाहेर, उघड्यावर काढायला त्यांनी लावली. हे फार गरजेचं आहे. मशीनवर २.४ टक्के दिसणारा सीओ बंद पार्किंगमध्ये साठला तर माणूस बेशुद्ध पडायला वेळ लागत नाही, आणि त्याला वासही नसतो. शर्टाच्या बाह्या वर, गळ्यात काही लोंबत नाही ना ते बघून, मग बॉनेट.

डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं, रोटर उचलला. आत नखाएवढ्या दोन टोकांची एक जोडी असते, तिला सीबी पॉइंट म्हणतात. मध्ये फिरणाऱ्या दांड्याला चार कोपरे असतात. कोपरा आला की फायबरची छोटी टाच ढकलली जाते, टोकं उघडतात, कॉइलमधला करंट तुटतो आणि त्याच क्षणी हजारो व्होल्टची ठिणगी प्लगवर पडते. आयडलिंगलाच हे मिनिटाला सोळाशे वेळा होतं. काकांनी पानं एकामागून एक चाळून फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या जुडग्याचं) ०.४५ मिमीचं पान फटीत घालून बघितलं. गेलं नाही. ०.३० चंही नाही. ०.२० चं पान घासत घासत गेलं. अशा पॉइंटची फट साधारण ०.४ ते ०.५ मिमी असते. नेमका आकडा आपापल्या गाडीच्या पुस्तकात बघायचा.

"ही टाच बघ," ते म्हणाले आणि मोबाइलचा टॉर्च धरायला लावला. फायबरची टाच एका बाजूने झिजून तिरकी झाली होती आणि दांडा कोरडा ठणठणीत होता. तिथे राईच्या दाण्याएवढं ग्रीस लागतं. कित्येक सर्व्हिसिंगमध्ये कुणी लावलं नव्हतं. टाच झिजली, फट मिटत गेली. टोकं नीट उघडत नसल्यामुळे करंट तोडून टाकण्याऐवजी तिथेच चिरचिरत होता. एका टोकावर खड्डा, दुसऱ्यावर टेंगूळ. अशी ठिणगी अशक्त होते, मधूनच हुकते. पन्नासात एक हुकली तर चारशे, हे गणित इथे लागू पडतं.

फट मिटण्याचा आणखी एक परिणाम होतो, आणि तो समजला की मिस्त्रीकाकांचा प्रश्न समजतो. टोकांमधली फट कमी असेल तर ती उघडायला उशीर होतो, म्हणजे टायमिंग आपसूक मागे जातं. फट वाढवली की टायमिंग पुढे येतं. म्हणून क्रम कधीही बदलायचा नाही: आधी पॉइंट, मग टायमिंग. उलटं केलं तर दुसरं काम पहिल्यावर पाणी फिरवतं. माझ्या गाडीत झिजलेल्या टाचेने टायमिंग आधीच मागे नेलेलं होतं, गॅरेजने ते आणखी मागे नेलं.

नवा पॉइंट, नवा कंडेन्सर आणला. चारही प्लग काढून ब्रशने साफ केले, त्यांचं गॅप पुस्तकाप्रमाणे ठेवलं. एअर फिल्टर उजेडासमोर धरला तर पलीकडचं काही दिसेना, तोही बदलला. मग इंजिन चांगलं गरम होऊ दिलं आणि टायमिंग लाइट लावला.

टायमिंग लाइट ही बघण्यासारखी गोष्ट आहे. पिस्तुलासारखं दिसणारं हे उपकरण एक नंबरच्या प्लगच्या वायरला चिमट्याने लावतात. त्या वायरमधून ठिणगी गेली की दिवा चमकतो. दिवा फिरत्या पुलीवर धरला की दर वेळी पुली त्याच जागी असताना उजेड पडतो, त्यामुळे गरगर फिरणारी पुली डोळ्यांना जागच्या जागी थांबलेली दिसते. पुलीवर एक खाच असते आणि शेजारी इंजिनावर खुणा. काही गाड्यांत त्या फ्लायव्हीलवर असतात आणि छोट्या खिडकीतून बघाव्या लागतात. तेल-धुळीने त्या बुजलेल्या असतात, म्हणून आधी पुसून खाचेत पांढरा खडू भरायचा. डिस्ट्रिब्युटरच्या डबीकडे येणारी व्हॅक्युमची नळी असेल तर काढून तिचं तोंड बंद करायचं, आणि आयडलिंग पुस्तकात दिलंय तेवढंच ठेवायचं. ते जास्त असेल तर आतली वजनं कामाला लागतात आणि खाच खोटी जागा दाखवते.

नवा पॉइंट बसवायच्या आधी काकांनी मुद्दाम एकदा दिवा धरून दाखवला होता. खडूची रेघ टॉपच्या खुणेच्याही मागे होती. नव्या पॉइंटला फट बरोबर ठेवून परत गाडी चालू केली, तर बॉडीला हातही न लावता रेघ पुढे सरकलेली दिसली. उरलेलं अंतर काकांनी नट सैल करून, दोन बोटांनी बॉडी फिरवून काढलं. रेघ खुणेवर आली, इंजिनाचा आवाज भरीव झाला आणि आयडलिंग आपसूक वाढलं. मग थ्रॉटलचा स्क्रू ढिला करून ते खाली आणलं, शेवटी मिश्रणाचा स्क्रू थोडा आत घेतला.

"आता चढावर ने. खडखड आली तर परत ये."

खडखड म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. टायमिंग गरजेपेक्षा पुढे असेल तर जोर लावताना तो येतो, आणि तो पिस्टनला मागे घेतलेल्या टायमिंगपेक्षाही लवकर खातो. गरजेपेक्षा पुढे असलेलं टायमिंग आयडलिंगला एचसीसुद्धा वाढवतं. येऊरच्या चढाला तिसऱ्या गिअरवर पाय दाबून बघितलं. काही आवाज नाही. काटा मध्यावर.

दुसऱ्या दिवशी त्याच पंपावर गेलो. जाण्याआधी वीस मिनिटं गाडी फिरवून गरम केली होती, कारण थंड इंजिन आणि अर्धवट ओढलेला चोक यांनी चांगली गाडीसुद्धा नापास होते. सीओ १.६, एचसी ६४०. टायमिंग पुस्तकातल्या खुणेवर. एचसी मागे घेऊन मिळालेल्या आकड्याच्या जवळपास निम्मा.

तुमची गाडी वेगळी असेल तर

मारुती ८०० चं कार्ब्युरेटरवालं मॉडेल असेल तर बहुतेक सगळं असंच आहे. ज्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे त्यांत पॉइंट झिजण्याची भानगड नाही, पण वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या पडतात आणि व्हॅक्युमच्या डबीचा पडदा फाटतो. नळीला तोंडाने ओढून बघा. आतली प्लेट हलली आणि ओढ टिकली तर डबी ठीक आहे.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत टायमिंग कॉम्प्युटर ठरवतो. तिथे "टायमिंग मागे घेऊन देतो" असं कुणी म्हणालं तर गाडी घेऊन निघा. ऑक्सिजन सेन्सर, प्लग-कॉइल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांच्यात दोष शोधायचा असतो.

सीएनजी किट लावलेल्या जुन्या गाड्यांचं वेगळं दुखणं आहे. सीएनजी हळू जळतो, म्हणून किट बसवणारे टायमिंग पुढे ठेवतात. तीच गाडी पेट्रोलवर चढाला घातली की खडखडते. दोन्ही इंधनांवर चालवायची असेल तर पेट्रोलला झेपेल तिथेच बिंदू ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं, सीएनजीवर पिकअप थोडा कमी मिळाला तरी.

आणि आता पंपावर मिळणारं ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ, म्हणजे विरळ, होतं. सीओ त्याने थोडा उतरतो. पण आधीच पातळ असलेलं मिश्रण आणखी पातळ झालं की ते नीट पेट घेत नाही आणि एचसी चढतो. सीओ अगदी कमी आणि एचसी जास्त असा कागद हातात आला तर ठिणगीबरोबर हवा कुठून शिरते आहे तेही बघा: मॅनिफोल्डचं गॅस्केट, तडकलेली व्हॅक्युमची नळी, कार्ब्युरेटरचं बूड. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात. माझ्या पेट्रोलच्या नळ्या त्याच रविवारी बदलल्या, कारण वाकवून बघितल्यावर एकीवर बारीक भेगा दिसल्या. ते पियूसीसाठी नव्हतं. ती नळी गरम मॅनिफोल्डच्या वरून जाते.

जुना पॉइंट मी टाकला नाही, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. सोबत फिलर गेज आणि ग्रीसची छोटी डबी. पुढची पियूसी डिसेंबरात आहे. त्याच्या आदल्या रविवारी टोपण काढून फट मोजायची, दांड्याला राईच्या दाण्याएवढं ग्रीस लावायचं आणि मग मिस्त्रीकाकांना खाली बोलवायचं, दिवा धरायला.